बेचाळीस किलोमीटर आणि एक बांध

वैशाखऱ्याची हौसा माझी चौथीपर्यंतची विद्यार्थिनी. पुढे बापाने तिची शाळा सोडवली आणि मी गप्प बसलो, हे आधीच सांगून टाकतो. मोठेपणी ती माळशेजच्या रस्त्यावर काकड्या विकायची. एका रविवारी कल्याणच्या एका धावणाऱ्यांच्या क्लबची माणसं काकड्या खाऊन पुढे पळाली आणि एकाचा मोबाइल तिच्या टोपलीपाशीच राहिला. हौसाने ओचा खोचला, चपला हातात घेतल्या आणि त्यांना थेट चढावर गाठलं. क्लबवाले धापा टाकत होते. ही मात्र "तुमचा फोन ऱ्हायला" म्हणत धड उभी. त्यानंतर त्यांनी तिला सोडलंच नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी, कापणी-झोडणी उरकून, ती त्यांच्याबरोबर मादागास्करला मॅरेथॉन पळायला निघाली. आफ्रिकेजवळचं बेट, एवढंच मला ठाऊक. तेही नकाशात शोधून. पासपोर्टचा फॉर्म भरायला माझ्याकडे आली तेव्हा तिने विचारलं, "गुरुजी, सहा तासांत पोचला तर माईकवर नाव पुकारतात म्हनं. खरा का?"

"खरं."

"शालेत माझा कधी पुकारला नाय."

हजेरी सोडली तर खरंच कधी पुकारलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी तिचा नवरा धाऊ आणि अर्धी वाडी माझ्या ओटीवर जमली. क्लबने पाठवलेल्या लिंकवर हौसा म्हणजे एक निळा ठिपका. ठिपका झकास पळत होता. तिसाव्या किलोमीटरला तो थांबला. पाच मिनिटं, दहा, वीस. "पडली का काय?" धाऊचा चेहरा उतरला. मी उगाच फोन झटकून पाहिला. पंचवीस मिनिटांनी ठिपका हलला आणि असा सुटला की आम्ही ओरडायलाच लागलो. पण ती पोचली तेव्हा सहा तासांवर चार मिनिटं झाली होती. नावं पुकारून झाली होती.

तासाभराने व्हिडिओ कॉल आला. कोपरापर्यंत चिखल, डोळे लाल.

"अगं, झालं काय?" मी जवळजवळ खेकसलोच.

"रस्ता भाताच्या बांधावरनं होता, गुरुजी. तिकडं आता लावनी चाललीय. पुढच्यांच्या पायानं बांधाला खांड पडली, खाचरातला सगला पानी खाली चाललेला. बाकीचे उडी मारून गेले. मालक कुठं दिसंना. मंग मीच दगड लावलं, चिखल भरला." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. "माझा नाव ऱ्हायला, गुरुजी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार मिनिटं! कोण कुठला शेतकरी, त्याला हे कधी कळणारही नाही. "तुला कुणी सांगितलं होतं नसता..." मी सुरुवात केली, तेवढ्यात धाऊने माझ्या हातातून फोन घेतला.

"पानी थांबला का?" त्याने विचारलं.

हौसाने दंडाने डोळे पुसले. "थांबला."

"मंग बरा झाला."

ओटीवरचा जो तो फोनजवळ सरकला. रोप केवढं होतं, दगड कुठून आणला, चिखल नीट दाबला ना, हेच विचारत राहिले. हौसा एकेक सांगत होती आणि सांगता सांगता हसायला लागली. मिनिटं मोजत बसलेला मी एकटाच. त्या सगळ्यांमध्ये मला मान वर करवेना.