शतपावलीच्या एकशे त्रेसष्ट फेऱ्या

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले. माणसं भेटायला येतात, बसतात, पाणी पितात, आणि उठताना एक वाक्य टाकून जातात. माणूस सोन्यासारखा, पण स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारखान्यातले तर हमखास म्हणतात. पहिला आठवडा मी ऐकून घेतलं, रडता रडता कोण भांडणार. पण आता नाही ऐकवत. धोंडा बिंडा काही नाही. काय झालं ते मी सांगते, मी तिथेच होते.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे आले ती आजपर्यंत तिथेच आहे. दादा कागद कारखान्यात दोन नंबर मशीनवर, आणि त्यानेच मला छाननी खात्यात लावलं. छाननी म्हणजे आम्ही बारा बायका लांब टेबलांशी उभ्या राहून कापलेला कागद एकेक ताव उलटायचो. वाकडा, सुरकुतलेला, दमट असेल तो बाजूला टाकायचा. एवढंच काम.

आणि दादाचं काम वाफेच्या चाकाचं. मशीन हे एवढं लांब, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. इकडून ओला लगदा चादरीसारखा आत जायचा, मध्ये तापलेल्या ड्रमांवरून फिरत फिरत वाळायचा, आणि तिकडे कागद होऊन रिळावर गुंडाळला जायचा. ड्रमांत वाफ. वाफ कमी पडली तर कागद दमट, जास्त झाली तर पापडासारखा कडक होऊन मध्येच तुटायचा. तुटला की सगळं मशीन थांबवा, सगळे धावा, शिव्या खा. वाफ किती सोडायची ते एक मोठं लोखंडी चाक फिरवून ठरायचं, आणि ते चाक दादाच्या हातात. सव्वीस वर्षं.

आता त्याची पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच आहे. दादा चाक एवढंसं फिरवायचा, बोटभर म्हणा ना, आणि हात मागे बांधून चालायला लागायचा. मशीनच्या कडेने पार त्या टोकापर्यंत. तिथे कागदाला उलटा हात लावून बघायचा आणि तसाच सावकाश परत. मग लागलं तर पुन्हा बोटभर. लोक त्याला शतपावली म्हणायचे. "काय शतपावली, जेवण जिरलं का?" तो म्हणायचा, "तुमचं खाल्लेलं जिरवतोय रे."

पण आम्हा बायकांना विचारा. कागदाचा गठ्ठा आला की आम्हाला हाताला कळायचं कोणत्या पाळीचा आहे. दादाच्या पाळीचा असला की माझी शेजारीण म्हणायची, "हा शतपावलीचा, डोळे मिटून उलटा गं." मला केवढं बरं वाटायचं, दाखवायचे नाही मी.

मग कारखान्यात तो घड्याळवाला साहेब आला. कोणाचं काम किती वेळ चालतं ते मोजायला नेमलेला. चार दिवस दोन नंबर मशीनसमोर स्टूल टाकून बसला, मांडीवर वही, हातात घड्याळ. दादा पहिला तासभर बावरला, मग तो बसलाय हेच विसरून गेला. पाचव्या दिवशी साहेबलोकांत अहवाल गेला. आठ तासांत हा माणूस चाक धरून काम करतो फक्त अकरा मिनिटं. बाकी वहीत ओळीने तेच दोन शब्द, वेळ घालून. रिकामा फिरला. रिकामा फिरला. रिकामा फिरला.

ही बातमी कॅन्टीनमध्ये फुटली. सगळे हसले. दादा हसला नाही. त्या दिवशी घरी येऊन चपला नीट जोडून ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनी म्हणाली, "अहो, कोणी काही लिहिलं म्हणून काय झालं?" तो म्हणाला, "लेखी आहे ते."

त्या वहीवरूनच पुढचं ठरलं. वाफेचं चाक ऑटोमॅटिक करायचं. एका कॉलेजची मुलगी यावरच संशोधन करत होती, कारखाने आपले आपण कसे चालवायचे यावर. चष्मा, पाठीला पिशवी, आणि चालताना कायम काहीतरी पुटपुटणारी. तिला दोन नंबर मशीन दिलं. मशीनच्या शेवटी तिने कागदाची ओल मोजणारा डबा बसवला, चाकाच्या जागी मोटर बसवली आणि मध्ये तिचा कॉम्प्युटर. डबा म्हणेल दमट, तर मोटर वाफ वाढवेल. डबा म्हणेल कडक, तर कमी करेल. तीन आठवडे चालवून बघायचं. जमलं तर चाकावर माणूस नको, दादा जाईल लगद्याकडे. लगद्याकडे म्हणजे हौदात, गमबूट घालून, चिखलात. नाही जमलं तर कॉलेजवालीने सामान उचलायचं आणि दादा जागेवर. सगळ्या कारखान्याला हे पाठ होतं.

पहिल्याच दिवशी कागद नाचला. तास दमट, तास कडक, दिवसभरात चार वेळा तुटला. आमच्या टेबलावर नुसता वाकडा कागद. हात भरून आले पण आम्ही खुशीत. युनियनचा पुढारी छाननीत येऊन म्हणाला, "बघितलंत? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शतपावलीची खुर्ची पक्की." मी तर मनात देवाला हात जोडले.

दुसरा आठवडाही तसाच. ती मुलगी मशीनच्या लोखंडी जिन्यावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसायची, खायची नाही.

आणि इकडे घरी दादाही खाईना. मी म्हटलं, "आता काय झालं तुला? तुझ्या मनासारखं चाललंय ना?"

म्हणाला, "ती जी चूक करतेय ती मी पण केली होती. नवीन होतो तेव्हा. दमट दिसला की फिरव चाक, अजून दमट, फिरव अजून. वाफ पोचायच्या आत मी दहा वेळा फिरवलेलं असायचं. मग सगळंच करपायचं."

"मग?"

"मग माझ्या वस्तादाने माझे दोन्ही हात माझ्याच खिशात घातले आणि म्हणाला, आता चालायला लाग."

वहिनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. पुढे काय येणार ते दोघींनाही कळलं. मी म्हटलं, "दादा, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. माझी शपथ आहे तुला. ती शिकलेली आहे, तिचं ती बघेल. तू कशाला आपली जागा तिच्या ओटीत घालतोस?"

तो म्हणाला, "कागद वाया चाललाय गं."

"आपल्या बापाचा आहे कागद?"

तो कूस बदलून झोपला. आणि सकाळी जाऊन तिला सांगितलंच.

ते बोलणं मला दादानेच नंतर सांगितलं, कितीतरी वेळा, त्या मुलीचा आवाज काढून. तो म्हणाला, "बाई, तुमचं मशीन घायकुतीला आलंय. त्याला जरा थांबायला शिकवा." ती म्हणाली, "काका, थांबतंय ते. चार मिनिटं थांबून बघतंय." दादा म्हणाला, "कोणत्या कागदाला चार?" तिने चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही किती थांबता?" "लागेल तेवढा." "लागेल तेवढा हे मला कॉम्प्युटरला सांगता येत नाही हो काका!"

मग ती म्हणाली, तुम्ही चाला, मी मागून मोजते. आणि इथे गंमत झाली. ती मागून यायला लागली आणि दादाला चालताच येईना. सव्वीस वर्षं चालणारा माणूस, कोणी पावलं मोजतंय म्हटल्यावर लष्करासारखा पाय आपटायला लागला. कधी धावला, कधी मध्येच उभा. दोघेही हसून हसून बेजार. दादा म्हणाला, "पोरी, हे आता नाही जमायचं. पायाला कळलंय."

तिने डोक्याला हात लावला आणि एकदम म्हणाली, "काका, ती वही!"

घड्याळवाल्याची वही. चार दिवसांच्या सगळ्या फेऱ्या, एकशे त्रेसष्ट, प्रत्येकीला मिनिटं आणि सेकंद. दादा मोजणाऱ्याला विसरला होता तेव्हाच्या. ती वही मागून आणली, त्या चार दिवसांत कोणता कागद निघत होता त्याचा तक्ता आणला, आणि दोन्ही शेजारी ठेवून बसली. पातळ कागदाच्या दिवशी फेरी तीन मिनिटांची. मधल्या कागदाला साडेचार. जाड पुठ्ठ्याला सात, कधी आठ. एकही इकडची तिकडे नाही. वहीत शेरे पण होते, पाणी प्यायला थांबला, खांबापाशी गप्पा मारल्या. ती दादाला म्हणाली, "काका, पातळ कागदाला तुम्ही एकदाही पाणी प्यायला नाहीत. पुठ्ठ्याच्या दिवशी चौदा वेळा." दादा म्हणाला, "जाड कागदाला तहान फार लागते." पण त्याला स्वतःलाच ते नवीन होतं. वाफ आत जाऊन कागद वाळायला जितका वेळ लागतो तितकाच तो चालत होता, नेमका तितकाच, आणि त्याला माहीत नव्हतं.

मग तिने वही मिटली आणि म्हणाली, "मी हे आत घातलं तर मशीन चालेल. आणि चाललं तर तुमची जागा जाईल. तुम्हाला माहितीये ना काका?"

दादा म्हणाला, "मला ते तुझ्याआधी माहितीये. तू घाल."

तिसऱ्या आठवड्यात आमच्या टेबलावर टाकायला कागदच उरला नाही. डोळे मिटून उलटा असा कागद, आणि तोही तिन्ही पाळ्यांचा. बायका माझ्याकडे बघायच्या. सगळ्यांना कळलं होतं कोणी सांगितलं ते. दादाच्या लॉकरवर कोणीतरी खडूने फितूर लिहिलं. पुढाऱ्याने बोलणं टाकलं. आणि मी पण टाकलं. नऊ दिवस. एका घरात, एका ताटलीच्या अंतरावर. वाढायचे आणि उठून जायचे. तो जेवून आपलं ताट आपण उचलायचा. मलाच आता आठवतं.

दहाव्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत त्या मुलीने सगळं मांडून दाखवायचं होतं. आधीचा कागद आणि नंतरचा कागद असे दोन गठ्ठे घेऊन छाननीतून मला पाठवलं. मी दाराशी गठ्ठे धरून उभी. आत मोठे साहेब, पाळीचे साहेब, घड्याळवाला, ती मुलगी, आणि भिंतीला टेकून दादा, इस्त्रीचा शर्ट घालून.

तिने भिंतीवर रेघांचा तक्ता लावला. मोठे साहेब म्हणाले, "कोणत्या कागदाला किती थांबायचं, हे तू शोधलंस कसं?" तिने पिशवीतून वही काढली. "यातून. यात सगळं होतं साहेब. फक्त शब्द चुकीचा लिहिलाय."

साहेब म्हणाले, "म्हणजे हा फिरत नव्हता?"

"फिरतच होते. ते फिरणं हेच काम होतं. चाक फिरवणं त्यातलं सगळ्यात सोपं."

घड्याळवाला म्हणाला, "मला जे दिसलं ते मी लिहिलं."

मोठ्या साहेबांनी दादाकडे बघितलं. म्हणाले, "जागा तर आता राहत नाही, ते ठरलंय. पण तू मदत केलीस. दुसरं काही हवं असेल तर बोल." माझा जीव कानात आला. मला वाटलं आता तरी माग, बस म्हणतील तिथे खुर्ची माग.

दादा म्हणाला, "ही वही फायलीत राहणार ना साहेब?"

"राहणार."

"मग त्यातलं ते रिकामा फिरला खोडा. मी सव्वीस वर्षांत एकदाही रिकामा फिरलो नाही."

घड्याळवाल्याने पेन काढलं. "ठीक आहे, पहिल्या पानावर एक दुरुस्ती टाकतो."

दादा म्हणाला, "लिहिताना एकशे त्रेसष्ट वेळा लिहिलंत."

पाळीच्या साहेबांना हसू आवरेना, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मोठे साहेब पण ओठ दाबून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. खोडा." मग तो माणूस बसला हो खुर्चीवर, आणि एकेक ओळ खोडून वर लिहायला लागला. काय लिहू, त्याने विचारलं. दादा म्हणाला, "वाफेसाठी थांबला, असं लिहा." मोठे साहेब कामाला निघून गेले, पाळीचे साहेब गेले. दादा उभा. ती मुलगी पानं उलटून देत होती. एका पानावर एक ओळ सुटली तर दादाने बोट ठेवलं. मी पण गेले नाही, गठ्ठे खाली ठेवले आणि शेवटची ओळ होईपर्यंत थांबले. तास गेला असेल. असा तास मी आयुष्यात पाहिला नाही. माझा भाऊ तिथे साहेबासारखा उभा होता आणि साहेब लिहीत होता.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "पाय दुखले असतील ना रे दादा?"

म्हणाला, "बोललीस एकदाची."

तर हे असं आहे. त्या मुलीचं संशोधनाचं जाड पुस्तक झालं, त्यात दादाचं नाव छापलंय, ते आमच्या कपाटात आहे, यायचं तर येऊन बघा. आणि धोंडा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, तुमच्यापैकी कोणाच्या कामासाठी साहेबाने तासभर पेन झिजवलंय?

वही खोडली त्याच्या पुढच्या सोमवारी दादा लगद्याकडे कामाला लागला. गमबूट मिळाले ते दोन बोटं मोठे, वहिनीने पुढे चिंध्या कोंबून दिल्या. गल्लीतून जाताना प्रत्येक पावलाला फदक फदक वाजत होतं, शेजारचे खिडक्या उघडून बघत होते. दादाने एकदाही मान खाली घातली नाही. मी वळणापर्यंत बघत उभी होते.