सराव परीक्षेला गैरहजर

सासरे मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे ऑकलंडला आले आणि ऑगस्ट उजाडला तरी आमच्या घरात एकही भांडण झालं नव्हतं. ही काळजीची गोष्ट आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सासूबाई गेल्यापासून ते तिकडे एकटे होते. माझी बायको त्यांची एकुलती एक. त्यांनी कायमचं इथेच राहावं, ही तिची इच्छा. व्हिसा लांब मुदतीचा होता, परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. तोवर राहून बघतो आणि मग सांगतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. पण राहून बघताना माणसाने काही बोलावं की नाही? त्यांचं प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर: "छान आहे." माझा चहा छान. पापाकुऱ्याला जाणारी आगगाडी छान. आठवडाभर न थांबलेला पाऊस, तोही छान. ज्याचा जन्म हेडमास्तरकीत गेला, त्याला या देशात नापास करण्यासारखं काहीच सापडू नये?

"बाबा काही बोलले का?" बायको मला अधूनमधून विचारायची.

"छान म्हणाले."

"म्हणजे काय?"

ते मला कुठे ठाऊक होतं! ते मला जावईबापू म्हणायचे, मी त्यांना बाबा. एकमेकांना "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत आम्ही दोघंही उभेच असायचो.

त्याच सुमारास ऑफिसात फॅन्टसी फुटबॉलची साथ आली. ईस्ट टामाकीला पॅकिंगची यंत्रं बनवणारी आमची कंपनी; साहेब काही वर्षं अमेरिकेत राहून आलेले. तिकडचा फुटबॉल म्हणजे खांद्यांवर गाद्या बांधलेली माणसं चेंडू हातात धरून पळतात तो. आपण त्यातले खरे खेळाडू कागदावर निवडायचे. ते खऱ्या सामन्यांत जेवढे चमकतील तेवढे गुण आपल्याला. शेवटच्या नंबरवाल्याने वर्षभर टेबलावर सोनेरी रंगवलेलं कमोडचं झाकण मिरवायचं. लोक याला क्रीडासंस्कृती म्हणतात. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नाही म्हणायचं धैर्य मोठ्या माणसांतही नव्हतं.

खेळाडू निवडायच्या आधी मोसमपूर्व सराव सामने असतात, ते बघ, असं कोणीतरी सांगितलं. अमेरिकेतली शनिवार संध्याकाळ म्हणजे आमचा रविवार सकाळचा अकराचा सुमार. अवोन्डेलच्या बाजारातून मेथी आणि कोथिंबीर घेऊन आलो की मी टीव्ही लावायचो. ऑगस्ट म्हणजे इकडे ऐन हिवाळा; सासरे शेजारी दोन स्वेटर घालून बसायचे.

पहिल्याच सामन्यात मी गोंधळलो. ज्यांची नावं जगाला पाठ, ते सगळे टोप्या घालून मैदानाबाहेर च्युइंग गम चघळत उभे होते. आत भलतेच लोक जिवाच्या आकांताने एकमेकांवर आदळत होते.

"हे खेळत का नाहीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"हा सराव आहे ना, बाबा. दुखापत नको म्हणून मोठे खेळाडू बाहेर ठेवतात."

ते सरळ होऊन बसले. "सराव परीक्षेला गैरहजर? मग बोर्डात काय दिवे लावणार?"

तीन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं मत. स्वयंपाकघरातली फोडणी थांबली. बायको दारात येऊन उभी राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मी हाक मारायच्या आधीच ते टीव्हीसमोर हजर होते. त्यांनी एक पोरगा हेरला. कोणाच्या खिजगणतीत नसलेला, चेंडू पोटाशी धरून पळणारा. चारचार जण अंगावर पडायचे, त्यांच्या खालून हा उठायचा आणि चेंडू स्वतः नेऊन पंचाच्या हातात द्यायचा. "हा घ्या," सासरे म्हणाले. "प्रिलिमवरून मुलगा कळतो."

डिस्पॅचमधल्या मित्राला मी हे सांगितलं. तो हसून वाकडा झाला. "ब्रो, सराव सामन्यात जे खेळतात ते मोसमात नसतात. कोण जायबंदी झाला आणि कोणाला बाहेर बसवून जपलं, एवढंच बघ. जो दिसत नाही, तो घे." इंटरनेटवर पाहिलं तर एक जाणकार म्हणे सराव सामने शून्य महत्त्वाचे, दुसरा म्हणे तिथेच हिरे सापडतात, आणि तिसरा दोन्ही म्हणे. उपनिषदं याहून सोपी वाटली. जो दिसत नाही तोच खरा, एवढं तरी तिथे एकमुखाने सांगितलंय.

"बाबांना विचारलंस ना? मग त्यांचंच ऐक," बायको म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागितलंय त्यांनी."

शुक्रवारी कँटीनमध्ये निवड झाली. साहेबांनी "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून राष्ट्राला उद्देशून करतात तसं भाषण केलं. लाकडी हातोडाही होता. माझी पाळी आली आणि मी सासऱ्यांनी हेरलेल्या पोराचं नाव घेतलं. साहेबांनी स्पेलिंग विचारलं. मग जो हशा पिकला, त्यात मित्राचा "स्वीट ॲज, ब्रो!", म्हणजे इथलं 'झकास!', सगळ्यांत वर होता.

पुढच्या बुधवारी संघांनी अंतिम याद्या लावल्या. पोराला काढून टाकलं होतं. दुसऱ्या कुठल्या संघानेही घेतलं नाही.

संध्याकाळी चहा देताना मी सासऱ्यांना सांगितलं आणि लगेच सारवासारव केली. "पण हरकत नाही, बाबा. मुलगा छानच होता."

त्यांनी कप खाली ठेवला. "काय छान? काढलं ना त्याला?"

"हो, पण..."

"तुमच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं होतं ना, की असं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग घेतलात कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणालो म्हणून? अहो, मी साताऱ्याचा हेडमास्तर! मला त्यातलं काय कळतंय? तोंड आहे ना तुम्हाला? 'बाबा, तुमचं चुकतंय' म्हणायला काय झालं होतं?" आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आणि हा चहा! मे महिन्यापासून हे गरम पाणी पितोय मी. हीटर आठला बंद करता, खोलीत दात वाजतात. बाजारात विचारता कुठली भाजी घेऊ, आणि मी गवार म्हणायच्या आत मेथी घेता!"

माझाही तोल गेला. "मग बोलायचं होतं की! प्रत्येक गोष्टीला छान, छान! आणि पहाटे पाचला फोनवर मोठ्याने कीर्तन लावता, त्याचं काय? शेजारी विचारतात, घरी कोणी आजारी आहे का!"

"आजारी? कीर्तनाने?"

बायको मेथीची जुडी हातात घेऊन मध्येच उभी होती. ती आता रडेल असं मला वाटलं. तिने जुडी ओट्यावर ठेवली, खुर्ची ओढली आणि नाटकाला आल्यासारखी बसली. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "थांबू नका. बाबा, हा गाडी कशी चालवतो त्याबद्दल सांगा ना."

त्याबद्दल त्यांनी सविस्तर सांगितलं.

सकाळी उठलो तर कीर्तन चालू होतं, आवाज जरा कमी. हीटरही चालू होता. तो मी लावलेला नव्हता. सासऱ्यांनी स्वतः चहा केला होता. दुसरा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"हा प्या. चहा असा असतो." मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "त्यांचा खरा मोसम कधी संपतो हो?"

"फेब्रुवारीत."

"आणि आपला संघ?"

"शेवटचा येणार, बहुतेक."

"ते दिसतंच आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का, बघा."

हे राहण्याबद्दल होतं, फुटबॉलबद्दल होतं, की मला एकट्याच्या हिमतीवर त्या झाकणापर्यंत जाऊ द्यायचं नाही म्हणून होतं, ते मला कळलं नाही. बायकोने विचारलं तेव्हाही मला नीट सांगता आलं नाही.

चहा भयंकर गोड होता. मी तसं सांगितलं.