पोर्ट ब्लेअर ते अगत्ती, फक्त तीन तास

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतोच, कारण आमच्या सासूबाईंनी अर्ध्या उरणला हे आधीच सांगून टाकलंय.

पनवेलच्या दारात विमानतळ झाला आणि माझ्या डोक्यात विमान शिरलं. सासूबाई उरणजवळच्या करंजाच्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला, विमानात कधी बसल्या नव्हत्या. म्हटलं, त्यांना आणि बायकोला, म्हणजे मनीषाला, एकाच सहलीत अंदमान आणि लक्षद्वीप दाखवायचं. दोन्ही बेटंच ना?

आता एक देशाच्या उजवीकडे, दुसरं डावीकडे, हे मलाही ठाऊक होतं. पण फोनवर दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं, तर उत्तर आलं: सव्वादोन हजार किलोमीटर, विमानाने साधारण तीन तास. तीन तास म्हणजे काय हो? गर्दीच्या दिवशी पनवेलहून ठाण्याला तेवढे लागतात.

मनीषाने विचारलं, "अहो, पण त्या विमानाचं तिकीट कुठे दिसतंय?"

"अगं, छोटी विमानं असतात ती. तिथे काउंटरवर मिळतं. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा कशी, भरली की सुटते."

मग जायची तिकिटं पोर्ट ब्लेअरची काढली, परतीची लक्षद्वीपच्या अगत्तीहून. लक्षद्वीपचा परवाना, तिथली खोली, सगळं पक्कं. मधला तुकडा तेवढा मोकळा.

अंदमान झकास झालं. शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन मी ऐटीत विमानतळावरच्या काउंटरवर गेलो. तिथली मुलगी नागपूरची निघाली. म्हटलं, "अगत्तीची तीन द्या. एक खिडकीची."

"सर, इथून अगत्तीला फ्लाइट नाही."

"बरं, पुढची कधी?"

"पुढची नाही, सर. मागचीही नव्हती."

मी फोन तिच्यापुढे धरला. "हे बघा ना. तीन तास."

तिने शांतपणे वाचलं. "सर, हे सरळ रेषेतलं अंतर आहे. विमान असतं तर तीन तास लागले असते, असं म्हणतायत ते."

मनीषाने बॅगा उचलून परत ट्रॉलीवर ठेवल्या.

सासूबाई पुढे आल्या. "काय झाला जावईबापू? इमान भरला काय?"

"नाही आई. अजून बनलंच नाही."

मग काय, आधी चेन्नई, तिथून कोची, कोचीत मुक्काम आणि मग अगत्तीचं चिमुकलं विमान. प्रत्येक विमानागणिक माझा चेहरा पडत होता आणि सासूबाईंचा फुलत होता. कोची येईपर्यंत त्या हवाईसुंदरीला "ए बाय, पानी दे गो" म्हणायला लागल्या होत्या. अगत्तीला पोचलो, समुद्रात पाय बुडवले आणि दुसऱ्या सकाळी परतीचं विमान गाठलं. झालं लक्षद्वीप.

घरी आल्यावर आठवड्याभरात सासूबाईंच्या तीन मैत्रिणी करंजाहून थेट आमच्या दारात. "जावईबापू, आमाला पन सहल काडून द्या."

मला भरून आलं. म्हटलं, "मावशी, या वेळी सगळं नीट बघतो. सरळ जाणारं विमान काढतो."

"सरल क्याला?" त्यातली एक म्हणाली. "तुमी तिला चुकवली तशीच आमाला चुकवा. एका सहलीत येवढ्या इमानांत दुसरा कोन बसवतो?"

आतून मनीषाचा आवाज आला, "काळजी करू नका, मावशी. त्यांना दुसरं काही जमतच नाही."