फाटकाची कडी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. ताईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — आणि घरातल्या माणसांपुढं हे तोंडातून निघत नाही. किती वेळा जिभेवर आलं, किती वेळा गिळलं.

आधी त्या दिवसाबद्दल सांगतो. वैतागाबद्दल म्हणा ना. सकाळपासून डोकं फिरलेलं होतं माझं, आणि — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगतो.

ताई नांदेडहून दिवाळीला आली होती, दाजी आणि दोन पोरं घेऊन. वारंगा फाट्यावर माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन बसलेलं. अन् ताईनं काढलं काय? सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडं माळावर कुणीतरी छोटंसं अभयारण्य केलंय, तिथं सगळ्यांनी जायचं.

"आहे तरी काय तिथं?" मी विचारलं.

"हरणं. आपल्या भागातले प्राणी. पोरांला कळाय पायजे नं."

हरणं! ज्यांच्या पायी आमची माणसं शेतात डबे वाजवून वाजवून दमतात, ती बघायला गाडी करून जायचं? पण ताईपुढं बोलून कुणाचं काय चाललंय? तिनं दशम्या, चटणी, शेंगदाण्याचा डबा सगळं बांधूनच ठेवलं होतं. अण्णा तर कधीचे धुतलेलं धोतर नेसून गाडीपाशी उभे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. सत्तरी ओलांडलेली, पण रोज सकाळी मोपेडला किक मारून डोंगरकडा गावातल्या घरून केळीच्या मळ्यात जायचे. पाणी कुणाच्या पाळीचं, कोणत्या ओळीला घड लागला, सगळं तोंडपाठ. ताईला मात्र त्या मोपेडचा भारी राग. "या वयात गाडी काहून चालवतेत? पडले म्हंजे?" अण्णा हसायचे आणि मोपेडची किल्ली कनवटीला खोचायचे.

तर निघालो. औंढ्याच्या अलीकडं धाकट्या भाच्यानं ओकारी केली. दाजींचा भरोसा मोबाईलवर. अण्णा मागून सांगत होते, "डाव्या हातानं घ्या," पण मोबाईल सरळ म्हणाला, म्हणून आम्ही सरळ गेलो. कुणाच्या तरी उसाच्या शेतात गाडी अडली. तिथून मागं फिरलो, आणि डाव्या हातानंच घ्यावं लागलं. एवढ्यात दुकानातून फोनावर फोन — बियाण्याची गाडी आली, माणूस थांबायला तयार नाही, मी कुठं आहे? कुठं सांगू? हरणं बघायला?

अभयारण्य म्हणजे माळावरचं गवत आणि त्याला जाळीचं कुंपण. आत काळविटांचा एक कळप, मोर, पाय मोडलेला एक कोल्हा, तळ्यात कासवं. "वाघ कुठाय?" भाची म्हणाली. वाघ नाही म्हटल्यावर तिनं रडून गोंधळ घातला. बायको म्हणाली, "असं तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर रोज दिसतंय." ताईचा चेहरा उतरला. मला — खरं सांगू? — बरं वाटलं.

शेवटी आईविना राहिलेल्या पाडसांचा छोटा वाडा होता. तिथं थोडा वेळ आत जाऊ द्यायचे. फाटकाला लोखंडी कडी, वर पाटी : बाहेर पडताना कडी लावा. राखण करणाऱ्या बाईनं तोंडानंही बजावलं, "कुत्रे फिरतेत भवताली. कडी इसरू नका." पाडसं कोकरांएवढीच. त्यातलं एक अण्णांच्या मागं मागं फिरलं, धोतराचा सोगा चघळत. त्या दिवशी खरं खुशीत कुणी असेल तर ते अण्णाच.

बाहेर निघताना सगळ्यात मागं अण्णा होते. त्यांनी फाटक ओढलं, कडी घातली आणि फाटक एकदा हलवून बघितलं, मळ्याचं हलवून बघतात तसं. मी हे पाहिलं. नीट पाहिलं.

मग आम्ही मोठ्या कडुलिंबाखाली जेवायला बसलो. दाजींचा गॉगल सापडेना. "गाडीत असंल," ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत. कोण उठलं? मीच. गाडीत नव्हता. मग आठवलं, पाडसांच्या वाड्यात त्यांनी तो पाण्याच्या हौदावर ठेवला होता. मी गेलो, कडी काढली, गॉगल घेतला. तेवढ्यात पुन्हा दुकानाचा फोन. कानाला मोबाईल, एका हातात गॉगल, तोंडात शिव्या — मी फाटक पायानं मागं ढकललं आणि निघालो.

कडी वाजली नाही. मला कळलं होतं. विसरलो असतो तर निराळं. मला कळलं होतं, आणि मनात आलं, जाऊ दे, कोण मागं फिरतंय आता?

लिंबाखाली आलो आणि म्हणालो, "सापडला." कुठं, ते कुणी विचारलं नाही.

आम्ही डबे आवरत होतो तेव्हा बाईचं ओरडणं ऐकू आलं. धावलो. कुत्री आत शिरली होती. बाईनं काठीनं ती हाकलली, पण एक पाडस पडलं होतं. मान एका बाजूला. पोरं ताईला चिकटली. बाई आमच्याकडं वळली. 

"शेवटी कोण निघालं आतून?"

आता बघा हं, मी खोटं बोललो नाही. मी म्हणालो, "अण्णा होते सगळ्यात मागं."

"म्या लावली व्हती की," अण्णा म्हणाले. मग त्या पाडसाकडं बघून, हळू आवाजात, "लावली व्हती नं?" आणि माझ्या बापानं त्या बाईपुढं हात जोडले. "चुकलं, माय."

 गॉगल दाजींच्या डोळ्यांवर होता.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. इथवर असतं तर मी कधीतरी बोललो असतो, असं मला वाटतं. काय माहीत.

ताईला आयतं कारण मिळालं. परतीच्या वाटेभर तेच. अण्णांना विसर पडून राहिला, आज पाडस गेलं, उद्या रस्त्यात काय होईल? नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं आठवण चांगलीच आहे. ताईला ते पटलं नाही. किल्ली द्या म्हणून ती रोज फोनवर मागं लागायची. अण्णा ऐकायचे, आणि सकाळी मोपेडला किक मारायचे.

मग एका सकाळी ते दुकानात आले. कधी यायचे नाहीत. गिऱ्हाईक जाईपर्यंत पोत्यावर बसून राहिले.

"दिगू," ते म्हणाले, "ताईचं सोड. तिला मागचं कायबी दिसलं नसंल. तू तर माझ्या म्होरंच व्हतास. म्या कडी लावली व्हती का रे? मला तर बराबर याद हाय. फाटक हलवून बी बघितलं. पर तू सांग. तू म्हणशील ते खरं."

दुकानात कुणी नव्हतं. ताई नाही, बाई नाही, दाजी नाहीत. कुणाची भीती होती मला? रागावले असते का अण्णा? मला ठाऊक आहे, हसले असते. अजून शोधतो कधीकधी, आणि स्वतःचाच वैताग येतो.

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "तुमी फाटक नुसतं ओढलं. कडी न्हाई लावली."

त्यांनी मान डोलावली. मग कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढं धरली. आणि मी ती घेतली.

मळा पुढच्या साली बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिला. अण्णा ओट्यावर बसायला लागले. आधी विचारायचे, आज पाण्याची पाळी आपली का रे? मग, मी जेवलो का रे? जेवल्याचं त्यांना आठवत असायचं. पण आठवतं त्यावर त्यांचा भरोसा उरला नव्हता, माझ्यावर होता. ताई अजून सणासुदीला सगळ्यांपुढं सांगते, "अण्णांचं इसरणं त्या हरणांपासून सुरू झालं." मला तिचा असा राग येतो! मी उठून पाणी प्यायला जातो.

शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. नर्सनं कागद भरताना त्यांना नाव विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, स्वतःचंच नाव.