एका पेपरमिंटएवढं प्रकरण

न्यू ड्रेंथ या डच लोकांनी वसवलेल्या गावात चर्चमधल्या प्रवचनाची लांबी मिनिटांत मोजत नाहीत, पेपरमिंटमध्ये मोजतात. पास्टरांनी घसा खाकरला की बाकाबाकांवर पर्सचे चाप वाजतात, गोळ्यांच्या पुड्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकतात आणि दोनशे डच जबडे एकदम कामाला लागतात. दोन पेपरमिंटमध्ये आटोपलं तर प्रवचन चांगलं. तिसरी तोंडात टाकावी लागली, तर घरी ओव्हनमध्ये ठेवलेलं मांस करपतं आणि त्याचं खापर पास्टरांवर फुटतं.

लव्हॉन झिल्स्ट्रा हिने हे माप पुस्तकांना लावलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या या वायव्य कोपऱ्याने साहित्याला दुसरं काही दिलं असेल, तर ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

लव्हॉनने एकतीस वर्षं चर्चच्या कचेरीत काढली. रविवारचं पत्रक ती टंकायची. त्या पत्रकात कोणाचं मूल झालं, कोणाचा गुडघा बदलला आणि कोणाची ताटली मागच्या सहभोजनानंतर स्वयंपाकघरात पडून आहे, हे सगळं एका पानात बसवायची. निवृत्त झाल्यावर आता निवांतपणे विणकाम करू असं ती म्हणत होती, तेवढ्यात चर्चच्या मंडळीत पुस्तकांची साथ आली. पूर्वी एखाद्याचा मूतखडा पडला, तर तो देवाचे आभार मानून दोन शेजाऱ्यांना सांगे आणि गप्प बसे. आता तो देवाने आपल्याला कसं तारलं याची एकशेचाळीस पानांची साक्ष लिही, तिला चित्र लावी आणि संगणकावरचं एक बटण दाबून ती सगळ्या जगाला विकायला ठेवी. न्यू ड्रेंथमधून अशी अकरा ई-पुस्तकं निघाली. नऊ पुस्तकांच्या मुखपृष्ठावर सूर्य उगवत होता आणि दहाव्याच्या मावळत होता. अकरावं लव्हॉनचं स्वतःचं होतं. त्यावर कबूतर होतं.

तिचं पुस्तक तिच्या नवऱ्याबद्दल होतं, हार्लनच्या शेवटच्या वर्षाबद्दल. ते इस्टरच्या आधी निघावं असा तिने ध्यास घेतला, आणि गुड फ्रायडेच्या दुपारी, पुन्हा एकदाही न वाचता, बटण दाबलं. सातव्या प्रकरणाच्या मध्यावर तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक ओळ तशीच राहिली होती: ‘हे बर्निसला विचारून घे, पण अर्धंच खरं मान, ती तिखटमीठ लावते.’

बर्निस म्हणजे हार्लनची थोरली बहीण, लव्हॉनची नणंद. जगात त्या पुस्तकाची पहिली प्रत विकत घेणारी बाई तीच. अक्षरं मोठी करून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पुढचे तीन आठवडे ती लव्हॉनशी बोलली नाही. चौथ्या आठवड्यात दारात उभी राहिली. हातात कागद होता, त्यावर चुकांची यादी.

“एकेचाळीस आहेत,” बर्निस म्हणाली. “बेचाळिसावी तुला माहीत आहे.”

लव्हॉन रडली, मग तिने कॉफी टाकली. पुढचे चार महिने दोघींनी ते पुस्तक स्वयंपाकघराच्या टेबलावर उसवलं आणि पुन्हा शिवलं. नवं पुस्तक निम्म्याने लहान झालं. लव्हॉनला वाटलं, आता कुठे त्यात हार्लन दिसायला लागलाय.

तिथूनच गुरुवारची बैठक सुरू झाली. सकाळी दहाला, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या पिंपाशेजारी. बटण दाबायच्या आधी लिहिणाऱ्याने तिथे यायचं. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही; बर्निस वाचणार. लिहिणाऱ्याने बाकीच्यांसारखी तोंडात पेपरमिंट ठेवून, हात मांडीवर घेऊन ऐकायचं. प्रकरणाचा मुद्दा येण्याआधी गोळी विरघळली, तर कागद घेऊन घरी जायचं आणि पुन्हा बसायचं. बर्निसचा आवाज सपाट होता, रेडिओवर डुकरांचे बाजारभाव सांगतात तसा. त्या आवाजात प्रेमपत्रसुद्धा उघडं पडायचं. आपली भाषा किती गोड आहे असं ज्यांना वाटे, त्यांना बर्निसच्या तोंडून ती ऐकणं म्हणजे जानेवारीत उघड्यावर आंघोळ. पण लोक येत, कारण नंतर खजुराच्या वड्या असत आणि लव्हॉन कोणाला रिकाम्या मनाने घरी पाठवत नसे. वाईटातल्या वाईट लिखाणात तिला एक चांगली ओळ सापडायचीच. “ही ओळ बघ,” ती म्हणायची, “बाकीच्यांना हिच्याइतकं खरं व्हायला शिकव.”

मार्च महिन्यात, रस्त्याकडेचे चर वितळत्या बर्फाने भरलेले असताना, विल्मर हूकस्ट्रा तळघरात उतरला. वय चौऱ्याहत्तर, उमेदीची सगळी वर्षं गाई राखलेला माणूस. काखेत दोनशे बारा पानांची फाइल होती. तो बैठकीसाठी आला नव्हता. शनिवारी संध्याकाळी पुस्तक निघणार आहे, रविवारच्या पत्रकात तेवढं घालायला सांग, एवढंच लव्हॉनकडे काम होतं. पुस्तकाचं नाव ‘मी त्याला क्षमा केली’.

तो म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. गावात हूकस्ट्रा दोनच, आणि त्यांच्या अबोल्याला बावीस वर्षं झाली होती. दोघांची घरं खडीच्या रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. थोरला भाऊ लँबर्ट चर्चच्या उत्तरेच्या दाराने येई, विल्मर दक्षिणेच्या. उपासनेनंतर लँबर्ट कॉफीच्या पहिल्या पिंपावर असे, म्हणून विल्मर दुसरं पिंप येईपर्यंत बाहेर गाडीत बसे. मंडळीलाही याची इतकी सवय झाली होती की दुसरं पिंप भरणाऱ्या बायका खिडकीतून हात करून त्याला बोलवीत.

भांडण गाईंचं होतं. विल्मरचं हृदय बिघडून तो इस्पितळापायी घराबाहेर असताना लँबर्टने दोघांच्या मालकीचा सगळा कळप विकून टाकला. विल्मर बरा होऊन परतला तो रिकाम्या गोठ्यात. तेव्हापासून गाई नव्हत्या, पण पहाटे चारला धार काढायच्या वेळी त्याला जाग येतच होती, आणि गेल्या वर्षापासून त्या वेळेत तो लिहीत होता.

“रविवारी लँबर्टला ऐंशीवं लागतं,” विल्मर लव्हॉनला म्हणाला. “पुस्तक वाचेल, आणि रस्ता ओलांडून येईल.”

लव्हॉनने विचारलं, कोणाकडून वाचून घेतलंस का. विल्मर म्हणाला, गरज नाही. पहाटे चारला शब्द आपोआप येत होते, आपण फक्त उतरवून घेतले.

“दिलेलं आहे ते, लव्हॉन. त्यात मी कोण हात घालणार?”

हे वाक्य तिने अकरा पुस्तकांच्या वेळी ऐकलं होतं. एकदा तर स्वतःच्याच तोंडून.

“दूधही देवच देतो, विल्मर,” ती म्हणाली. “तू ते न गाळता कधी टाकीत ओतलंस का?”

दुधाच्या बाबतीत विल्मरला खोटं बोलता येत नव्हतं. मग म्हणाला, एक प्रकरण वाचा, नववं. त्याहून चांगलं लिहिणं आपल्या हातून होणार नाही. बर्निसने चष्मा लावला. आठ माणसांनी आठ पेपरमिंट तोंडात टाकल्या.

प्रकरणाची सुरुवात ‘मी लँबर्टला क्षमा केली’ अशी होती आणि पुढे ती क्षमा तपशीलवार होती. लहानपणी लँबर्टने मोडलेल्या, गवत उचलायच्या काट्याबद्दल क्षमा होती, ज्याचा मार विल्मरने खाल्ला. आईच्या अंत्यविधीला न विचारता निवडलेल्या स्तोत्राबद्दल होती. पावसात उघड्या ठेवलेल्या ट्रॅक्टरबद्दल होती, तीही दोन वेगवेगळ्या पावसांबद्दल. पहिली गोळी गवताच्या काट्यावर संपली, दुसरी ट्रॅक्टरवर. सुरुवातीला विल्मर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मग मान थांबली. मग जबडाही थांबला. बर्निस बाजारभावाच्या आवाजात वाचत राहिली, आणि विल्मरचे कान हळूहळू बिटासारखे लाल झाले. आपला आवाज नव्हता तेव्हा त्याला पहिल्यांदाच कळत होतं की हे आपणच लिहिलंय.

वाचन संपलं.

“सव्वीस गुन्हे झाले,” बर्निस म्हणाली. “गावभर फिरणाऱ्या पोस्टमनलासुद्धा इतके माहीत नव्हते.”

लव्हॉनने वाक्यरचनेचा विषयच काढला नाही. तिने विचारलं, “तू घराबाहेर किती दिवस होतास?”

“पाच आठवडे इस्पितळात. मग तीन आठवडे मुलीकडे, सू फॉल्सला.”

“त्या आठ आठवड्यांत धारा कोणी काढल्या?”

“लँबर्टनं.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

“किती गाई होत्या?”

“अठ्ठेचाळीस.”

“दिवसातून दोनदा, अठ्ठावन्नाव्या वर्षी,” लव्हॉन म्हणाली. “हे कुठल्या पानावर आहे?”

ते कुठल्याच पानावर नव्हतं. लव्हॉनने मग विचारलं, का विकल्या त्याने? विल्मर म्हणाला, माहीत नाही. विचारलं कसं नाहीस? बोलत नव्हतो ना, विल्मर म्हणाला. यात न समजण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता.

“मग पुस्तक अर्धंच झालंय, विल्मर. बाकीच्या चुका बर्निस काढील. ही तुलाच काढावी लागेल.”

विल्मरने फाइल उचलली आणि तो निघून गेला, खजुराची वडी न खाता. न्यू ड्रेंथमध्ये वडीला न शिवता उठणं म्हणजे जवळजवळ मंडळी सोडणं.

लव्हॉनला घरी करमेना. आपण म्हाताऱ्याची एक आशाच मोडली की काय, असं तिला वाटत राहिलं. तिने बर्निसला फोन केला. बर्निस म्हणाली, दुखलं असेल, मलाही दुखलं होतं, आणि मी मेले का?

शनिवारी लव्हॉनने संध्याकाळपासून सात वेळा संगणकावर ‘मी त्याला क्षमा केली’ शोधलं. पुस्तक निघालं नव्हतं. रविवारी ती नेहमीच्या जागी बसली आणि तिच्या लक्षात आलं की दक्षिणेकडची विल्मरची जागा रिकामी आहे. मान वळवून पाहिलं, तर उत्तरेकडची लँबर्टचीही. दोन्ही हूकस्ट्रा एकाच रविवारी गैरहजर, हे दोघांच्या गोवरानंतर घडलं नव्हतं. पास्टरांचं प्रवचन त्या दिवशी तीन पेपरमिंट चाललं, पण एकाही माणसाने ते ऐकलं नाही. सगळी मंडळी आळीपाळीने दोन रिकाम्या जागांकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या मनात दोनच शक्यता होत्या, त्यातली एक शेरीफला, म्हणजे पोलिसांना, बोलवायची होती.

पुढच्या गुरुवारी विल्मर बरोबर दहाला आला. फाइल नव्हती; सहा पानं होती, आणि त्यांच्या कडांना पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर विल्मरचं नव्हतं.

त्याने सांगितलं ते असं. शनिवारी बटणावर बोट ठेवलं, पण लव्हॉनचा प्रश्न बोटाखाली आला. म्हणून रस्ता ओलांडून गेला. भावाला म्हणाला, भेटायला आलो नाही, एक गोष्ट तपासायची आहे. लँबर्ट म्हणाला, ये. बसले ते मध्यरात्रीपर्यंत. सकाळी उरलेलं आठवलं म्हणून पुन्हा बसले, आणि चर्च आठवलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ऐंशी वर्षांत लँबर्टने आजाराशिवाय चुकवलेली ती पहिली उपासना.

बर्निसने पानं घेतली, सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. काटा गेला होता, ट्रॅक्टर दोन्ही पावसांसकट गेला होता. राहिली होती एकच गोष्ट. डॉक्टरांनी लँबर्टला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा माणूस पुन्हा गोठ्यात गेला तर हिवाळा काढणार नाही. लँबर्टला भाऊ माहीत होता. गाई असत्या, तर घरी आल्याच्या चौथ्या दिवशी विल्मर पहाटे चारला उठला असता. म्हणून आठ आठवडे त्याने धारा काढल्या, आणि विल्मर परतायच्या आदल्या दिवशी कळप विकला. न्यायला आलेल्या ट्रकच्या मागे तो गावाच्या शिवेपर्यंत चालत गेला. भावाला कारण सांगितलं नाही, कारण ते ऐकून विल्मरने दुसऱ्याच दिवशी नव्या गाई आणल्या असत्या. शेवटच्या परिच्छेदात विल्मरने लिहिलं होतं, ‘मी म्हणालो, खरंच आणल्या असत्या.’

ट्रकच्या ओळीपाशी बर्निसचा बाजारभाव एकदा घसरला. ती पाणी प्यायली आणि तिने पुढे वाचलं. वाचून झालं तेव्हा आठही तोंडांत गोळ्या शाबूत होत्या.

लव्हॉनने पानं हातात घेतली. ‘अठ्ठेचाळीस गाई’ वर काट मारून पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘एक्कावन्न. धारा काढल्या मी आहेत.’

“पुस्तकाचं नाव?” तिने विचारलं.

“लँबर्टला पसंत नाही. मुखपृष्ठही नाही. म्हणतो, आपल्याकडे सूर्य चाऱ्याच्या उंच सायलोच्या मागून उगवतो, हा चित्रातला भलत्याच ठिकाणाहून आलाय.” विल्मरने खुर्ची पुढे ओढली. “चौथ्या प्रकरणापर्यंत आलोय. पुढच्या हिवाळ्याच्या आत काही बटण दाबून होत नाही.”

“एवढा वेळ?”

“तो पहाटे चारला येतो,” विल्मर म्हणाला. “त्यालाही तेव्हापासून झोप नाही. पाच वाजले की कॉफी होते, मग लिहिणं राहतंच.”

लव्हॉनने वड्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्याने एक खाल्ली. मग कागदी रुमालात आणखी एक गुंडाळून खिशात ठेवली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाला की ही आपल्यासाठी नाही.