खापर आणि लाल स्टिकर

आमच्या कारखान्यात बदल घडवून आणण्यासाठी माझी निवड झाली, कारण त्या दोन दिवसांत बाकी सगळ्यांना काम होतं.

कारखाना सुरतेजवळ कडोदऱ्याला, साड्यांचा. मी घडी-पॅकिंग खात्याचा सुपरवायझर. शेठ म्हणाले, "सुनीलभाई, तमे जाव. जमवानुं पण छे." जेवण आहे म्हटल्यावर मी गेलो. हायवेवरच्या एका हॉटेलात 'बदलाचे नेतृत्व' नावाचं शिबिर होतं. निळा कोट घातलेल्या प्रशिक्षकांनी पहिलाच प्रश्न मला विचारला, "सकाळी उठायची प्रेरणा तुम्हाला कोण देतं?"

मी म्हणालो, "नळ."

(आमच्या नवागामात पाणी पहाटे येतं आणि कोणाची वाट बघत नाही.) सगळे हसले. प्रशिक्षक हसले नाहीत. त्यांनी माझं उत्तर फळ्यावर 'नकारात्मक मानसिकता' या मथळ्याखाली लिहिलं.

एरवी कोटातल्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणात बासुंदी होती, आणि बासुंदीनंतर माणूस कशालाही तयार होतो. प्रशिक्षक गरजले, "सहा महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती मेली असं समजा! तिला लाल स्टिकर लावा आणि बाहेर काढा! आणि लक्षात ठेवा, बांधलेलं गाठोडं उघडायचं नाही. उघडलं की माणूस विरघळतो. सुरुवात घरापासून!" मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. (पुढची रांग उभी राहिल्यामुळे मला काही दिसत नव्हतं, हेही एक कारण.) प्रत्येकाला लाल स्टिकरचं एक बंडल मिळालं. फुकट मिळालेली वस्तू वापरल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि माझ्या प्रेरणेचा खरा उगम तोच.

घरी परिस्थिती अनुकूल होती. म्हणजे आई गावी होती. अमळनेरकडे कोणाचं तरी लग्न होतं. जाताना ती एक आव्हान पदरात बांधून गेली होती. त्याचं असं झालं, की माझ्या ताईच्या सासूबाई मागे एकदा चार लोकांत म्हणाल्या, "सुरतवाल्यांना कुठले आता मांडे? ते पाकिटातलं खाणार!" आई फक्त म्हणाली, "अखाजीले या."

अखाजी म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमरस आणि मांडे. आई पुरण भरलेला गोळा पोळपाटाशिवाय, नुसत्या हातांवर झेलत झेलत टॉवेलएवढा करते आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर अलगद टाकते. ते खापर तिने चाळीस वर्षांपूर्वी गावाहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. (मला त्या वेळी शेजारच्या बाईंच्या मांडीवर दिलं होतं.)

"माळ्याला हात लावू नका," बायको शिवणक्लासला निघताना म्हणाली. "आई आल्यावर काय ते करा."

बदलाला पहिला विरोध घरातूनच होतो, हे शिबिरात सांगितलंच होतं! मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो. बंद पडलेला मिक्सर, मुका ट्रान्झिस्टर, तीन पायांचं टेबल आणि गोणपाटात घट्ट बांधलेलं एक जड गाठोडं. सगळ्यांना स्टिकर. गाठोडं उघडलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी बायको वर बघत म्हणाली, "माळा रिकामा केलात?"

"बदल केला."

"त्या गोणपाटात काय होतं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही आणि काढून टाकलंत?"

"तीच तर पद्धत आहे!"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लग्नाआधी एकदा तरी असं नीट बघायला हवं होतं, असा काहीसा तिचा चेहरा होता.

हे सगळं सामान मी टेम्पोत घालून कारखान्यात नेलं. शेठनी प्रात्यक्षिक मागितलं होतं. कॅन्टीनच्या टेबलावर मिक्सर आणि ट्रान्झिस्टर मांडले. शिपायाने गोणपाट सोडलं, तर आतून मातीचं एक भलंमोठं, आतून काळंकुळकुळीत भांडं निघालं. शेठ खुर्चीतून उठले. "वाह! केवो एन्टिक पीस छे!" त्यांनी ते घासूनपुसून रिसेप्शनमध्ये काचेच्या टेबलावर ठेवायला लावलं, पाण्याने भरलं आणि वर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. त्याच्याशेजारी उभं करून मला 'परिवर्तन दूत' असं प्रशस्तिपत्र दिलं. फोटो निघाले. अखाजीनंतरच्या सोमवारी सगळ्या कामगारांसमोर माझं भाषणही ठरलं : 'माझ्या घरात काय बदललं.'

पुढचे आठ दिवस मी त्या भांड्याला रोज नमस्कार केल्यासारखं करून आत जात होतो.

अखाजीला चार दिवस उरले असताना आई परत आली. चहा घ्यायच्या आधी तिने मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

"मन्हं खापर कोठे शे रे?"

"खापर? मी तर पाहिलंच नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो. मी पलंगाखाली शोधलं. गच्चीवर शोधलं. शेजाऱ्यांकडे जरा संशयानेही पाहिलं. शेवटी बायकोने शांतपणे माझा मोबाइल उचलला, त्यातला रिसेप्शनमधला फोटो उघडला आणि आईसमोर धरला.

आईने चष्मा लावला. मी हसतोय, हातात प्रशस्तिपत्र, बाजूला गुलाब.

"मन्हा खापरमा फुलं?" आई म्हणाली.

आता माझी बाजू ऐका. जन्मभर मी ते खापर उपडं पाहिलं होतं, तेही वर मांडा असताना. माझं सगळं लक्ष मांड्यावर! सुलटं झाल्यावर ते कसं दिसतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आई, नवं आणू," मी म्हणालो.

"नवं? पहिल्याच जाळमा तडकी जाई! आनि त्या बाईले मी काय वाढू, तुन्हं सर्टिफिकेट?"

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. शब्द जुळवून ठेवले होते. मी तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "सुनीलभाई, पार्टी लोग पूछते हैं, ये पीस कहाँ से लाया! सोमवारनी स्पीच तैयार छे ने?" मी म्हणालो, "हो." आणि बाहेर आलो. बदलाचं नेतृत्व करताना धैर्य लागतं, ते शिबिराच्या तिसऱ्या दिवशी शिकवत असावेत. आमचं शिबिर दोनच दिवसांचं होतं.

दुपारी रिसेप्शनमधून आवाज आला. ओळखीचा. धावत गेलो तर आई! एकटी रिक्षा करून आलेली. तिने पाकळ्यांसकट सगळं पाणी शेठच्या शोभेच्या कुंडीत ओतलं होतं आणि पदराने खापर पुसत होती. शेठ समोर उभे.

"आई आहे माझी," मी म्हणालो. "तिला जरा..."

"हाऊ मन्हा पोऱ्या म्हनस," आई शेठना म्हणाली, "जे रोज लागत नही ते फेकी देवानं. खापर वरीसमा एकदाव लागस. तू बी बोनस वरीसमा एकदावच देस ना? मग तुले बी चिटकाडू का लाल कागद?"

मला एकच आशा होती, की शेठना अहिराणी कळणार नाही. पण अहिराणी आणि गुजराती या इतक्या सख्ख्या बहिणी आहेत, की शेठना एकेक अक्षर कळलं! घडी खात्यातले सगळे जण मशीन बंद करून दारात उभे होते. शेठ आधी लाल झाले, मग हसायला लागले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "बा, लई जाव. पण अमने पण खवडावजो!" (म्हणजे घेऊन जा, पण आम्हालाही खाऊ घाला.)

सोमवारचं भाषण रद्द झालं. माझ्या घरात काय बदललं, ते सगळ्यांनी पाहिलंच होतं.

मी गच्चीवर चढवलेलं खापर तीन दिवस उन्हात वाळलं. अखाजीला आईने चूल पेटवली. मी जीव मुठीत धरून बघत होतो. तडकलं तर माझीच धडगत नव्हती. तडकलं नाही. पहिला मांडा पडला, दुसरा पडला. ताईच्या सासूबाई खाली मान घालून जेवत होत्या. चौथा मांडा मागून घेताना त्या म्हणाल्या, "पाकिटातलं नाही हे." आईने फक्त रस वाढला. दारात शेठची गाडी उभी होती. शेठ आत तिसऱ्या मांड्यावर होते.

जेवणं झाल्यावर आईने उरलेलं स्टिकरचं बंडल हातात घेतलं आणि सहा महिन्यांचा नियम स्वतः लावायला सुरुवात केली. माझी व्यायामाची सायकल. माझी योगाची चटई. इंग्रजी संभाषणाची माझी पुस्तकं. मी नवीन वर्षाला घेतलेली आणि दोन जानेवारीपर्यंत लिहिलेली डायरी. शेवटी हातात एक स्टिकर उरला. तिने खोलीभर नजर फिरवली आणि तो माझ्या शर्टावर, बरोबर छातीवर चिकटवला.

बायकोने पुढे होऊन तो काढला.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "अखाजीला खापर गच्चीवर चढवायला लागतात ते."

आईने थोडा विचार केला.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "वरीसमा एकदाव का व्हईना, लागस."