मोकल बाईंच्या बाटल्या

मोकल बाईंना वर्गात काही विचारलं की त्या क्षणभर खिडकीबाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "मला नाय माहीत. बघूया." आणि खरंच बघायला लावायच्या. विहिरीचं पाणी थंडीत सकाळी कोमट का लागतं, असं एकानं विचारलं, तर पंधरा दिवस आम्ही सकाळ-दुपार विहिरीवर तापमापक घेऊन जात होतो. पाणी तेवढंच गरम राहतं, हवाच गार होते, हे आमचं आम्हालाच कळलं.

मी आता रोह्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाईंबद्दल नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही, पण लिहिते.

कासूजवळच्या आमच्या सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मी सहावीत होते. सरकारी शाळांत विज्ञानाची खोली उभी करायची योजना आली होती आणि आमच्याकडचं काम बाईंवर होतं. साहित्याची पेटी आधीच आलेली, पण फुटलं तर जबाब कोण देणार म्हणून ती कुलपात होती. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ती उघडली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून परीक्षानळी फुटली. मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "कपाटात राहिली असती तर म्हातारी झाली असती. काचा वेच, हात नको कापून घेऊ."

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. विचारावं ते या बाईंना माहीतच नसतं. माझे बाबा मिठागरात कामाला होते. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं त्यांच्या मनात होतंच. त्यांना आयतं कारण मिळालं. मी सातवीत असताना पालकसभेत ते उभे राहिले. म्हणाले, "बाईंनाच येत नाय, तर आमची पोरगी शिकून काय दिवा लावणार हाय? त्यापेक्षा मिठागरात येल, आयशीला हात लागेल." लोक हसले. मी खाली बघत बसले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, पाणी मिठाला आलं हे तुम्हाला कसं कळतं?" बाबा म्हणाले, हात घातला की कळतं. पण कसं, ते त्यांना सांगता येईना. बाईंनी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात त्या आम्हाला मिठागरात घेऊन गेल्या. पाच वाफ्यांतलं पाणी पाच बाटल्यांत भरलं. बाबांनी प्रत्येकीत बोटं बुडवली, अंगठ्यानं चोळली आणि सगळ्यांत पातळ पाण्यापासून सगळ्यांत जडपर्यंत बाटल्या ओळीनं लावल्या. आम्ही त्यांवर नंबर घातले. शाळेत स्ट्रॉच्या टोकाला मातीचा गोळा लावून आम्ही पाण्याचा जडपणा मोजायचा तरंगकाटा केला होता. पाणी जेवढं खारं आणि जड, तेवढा तो वर तरंगायचा. सगळ्या बाटल्या जुळल्या. फक्त चौथी तिसरीपेक्षा पातळ निघाली. पोरं ओरडली, हिच्या बाबांचं चुकलं. आणि लिहायला लाज वाटते, पण मलाही बरं वाटलं.

"थांबा रे," बाई म्हणाल्या. "आधी आपलं चुकलंय का ते बघू."

शाळा सुटायच्या वेळेला त्यांच्या लक्षात आलं. चौथी बाटली खिडकीत उन्हात होती आणि चांगलीच तापली होती, बाकीच्या सावलीत. तापलेलं पाणी हलकं होतं. बाटल्या रात्रभर एकत्र ठेवून सकाळी पुन्हा मोजलं. बाबांची ओळ बरोबर होती.

बाई मला घेऊन चिखलातून, चपला हातात धरून मिठागरात गेल्या. सगळ्या कामकऱ्यांसमोर म्हणाल्या, "दादा, तुमचा हात बरोबर होता. चूक माझी. एक बाटली मी उन्हात ठेवली."

बाबांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली. शिकलेलं माणूस त्यांच्यापुढे येऊन असं बोललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग उन्हानं काय होतं?"

"तू सांग गो," बाई मला म्हणाल्या.

मी अडखळत सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पाटी उचलून निघून गेले. घरीही त्यांनी तो विषय काढला नाही. माझी वार्षिक परीक्षा संपली, निकाल लागला, तरी माझं पुढे काय ते मला कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात बाईंची बदली रोह्याकडे झाली. निघायच्या दिवशी बाबा न सांगता शाळेत आले, बाईंची पुस्तकांची खोकी खांद्यावर घेतली आणि कासू स्टेशनला निघाले. मी मागोमाग. बाई गाडीत बसल्यावर खिडकीपाशी उभे राहून ते म्हणाले, "बाई, आठवीला घालतो हिला. पेणला."

बाईंचे डोळे भरले, पण त्या बोलल्या ते असं, "घालतो नको. सोमवारीच जा. कागद काय काय लागतील, माहीत हाय का?"

गाडी हलली. बाई खिडकीतून वाकून सांगत राहिल्या: शाळेचा दाखला, गुणपत्रक, आधार कार्ड, दोन फोटो. बाबा एकेक बोट मिटत फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले.